परकी पैसा गरीब देशात जातो म्हणजे नेमका कुठे जातो?

मोझांबिक नकाशावर दाखवा म्हटलं तर आपल्यातल्या बहुतेकांचं बोट आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर थोडं वरखाली फिरेल. पण भारत पेट्रोलियमचे शेअर ज्यांनी वर्षानुवर्षं सांभाळले आहेत, त्यांना हे नाव चांगलं ठाऊक आहे. बॅलार्ड इस्टेटमध्ये मुख्यालय असलेल्या या कंपनीचे बरेच पैसे तिथल्या समुद्राखालच्या गॅसमध्ये अडकले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये बातमी आली की साडेचार वर्षं बंद असलेला हा प्रकल्प पुन्हा सुरू होतोय.

याच विषयाची दुसरी एक बातमी दरवर्षी, साधारण जून महिन्यात, अर्थविषयक पानाच्या खालच्या कोपऱ्यात येते : 'जगातल्या सर्वांत गरीब देशांतली परकी गुंतवणूक इतक्या टक्क्यांनी वाढली', किंवा घटली. वाढली की बरं वाटतं, घटली की वाईट वाटतं आणि आपण पान उलटतो. या आकड्याच्या पोटात काय असतं ते बघायला मोझांबिकचा गॅस फार उपयोगी पडतो. शिवाय या गोष्टीत परकी गुंतवणूकदार म्हणजे आपणच आहोत. आपल्याला सवय आहे ती 'अमुक कंपनी महाराष्ट्रात येणार' अशा बाजूनं विचार करायची.

आधी दोन शब्द

समजा, तुमचे पुण्यातले मामा गावात पैसे गुंतवायचं म्हणतात. एक मार्ग असा की ते गावच्या पतसंस्थेत ठेव ठेवतील आणि मनात आलं की काढून घेतील. दुसरा मार्ग असा की जागा घेऊन राइस मिल टाकतील. मिल पाठीवर टाकून रातोरात निघून जाता येत नाही. तिथे माणसं ठेवावी लागतात, वीज लागते, सरपंचाशी जमवून घ्यावं लागतं. या दुसऱ्या प्रकाराला देशांच्या व्यवहारात थेट परकीय गुंतवणूक म्हणतात, म्हणजेच एफडीआय. परदेशातल्या व्यवसायात १० टक्के किंवा त्याहून जास्त मालकी असेल, तर ती 'थेट' धरायची असा संकेत आहे.

एफडीआयच्या आकड्यात तीन गोष्टी एकत्र मोजतात : नवं भांडवल, तिथेच झालेल्या नफ्यातून पुन्हा तिथेच घातलेला पैसा, आणि मूळ कंपनीनं आपल्याच उपकंपनीला दिलेलं कर्ज. ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती गंमत करणार आहे.

दुसरा शब्द अल्पविकसित देश. 'गरीब देश' हे ढोबळ बोलणं झालं. संयुक्त राष्ट्रांकडे मात्र १९७१ पासून याची रीतसर यादी आहे. तेव्हा तीत २५ देश होते, आज ४४ आहेत. त्यांतले ३२ आफ्रिकेतले. आपल्या शेजारचे बांगलादेश, नेपाळ, म्यानमार आणि अफगाणिस्तान यादीत आहेत. भारत नाही, कधीच नव्हता. दरडोई उत्पन्न, शिक्षण-आरोग्याची स्थिती आणि संकटापुढे देश किती लवकर कोलमडतो, या तीन कसोट्यांवर दर तीन वर्षांनी तपासणी होते. भूतान २०२३ मध्ये यादीतून बाहेर पडला. यादीत असणं कमीपणाचं वाटलं तरी फायद्याचं असतं. रेशनकार्डासारखंच आहे हे, त्यावर सवलती मिळतात. युरोप या देशांचा बहुतेक सगळा माल जकात न लावता घेतो.

आकडा किती मोठा?

संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकासविषयक परिषद, अंक्टाड, हा हिशेब ठेवते. २०२३ मध्ये या सगळ्या देशांत मिळून ३१ अब्ज डॉलर आले (एक अब्ज म्हणजे १०० कोटी). जगभरात त्या वर्षी साधारण १३०० अब्ज डॉलर फिरले. म्हणजे जगातल्या दर सात माणसांतला एक ज्या देशांत राहतो, त्यांच्या वाट्याला शंभरातले अडीचही आले नाहीत. अंक्टाडच्याच हिशेबानं एकट्या भारतात त्या वर्षी २८ अब्ज आले होते.

इथे कुणी चटकन म्हणेल की त्या ४४ देशांची लोकसंख्या भारतापेक्षा थोडी कमीच आहे, मग डोईमागे आपल्याला तरी कुठे जास्त मिळालं? बरोबर आहे. फरक दुसरीकडे आहे. भारतात कारखाना, रस्ता, वीजप्रकल्प यांना लागणारा बहुतांश पैसा घरचा असतो : आपल्या ठेवी, आपला विमा, आपला भविष्य निर्वाह निधी. परकी पैसा वरून भुरभुरलेल्या कोथिंबिरीसारखा. गरीब देशात घरची बचतच तुटपुंजी, त्यामुळे एखादी मोठी परकी कंपनी आली किंवा गेली की अख्ख्या देशाचं ताट बदलतं. २०१३ मध्ये मोझांबिकमध्ये आलेली परकी गुंतवणूक त्या देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून जास्त होती.

शिवाय हा पैसा ४४ देशांत सारखा वाटलेला नसतो. इथिओपिया, कंबोडिया, बांगलादेश, सेनेगल, मोझांबिक अशी पाच-सहा नावंच निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त घेऊन जातात. उरलेल्यांपैकी काहींच्या वाट्याला वर्षाकाठी येणारी रक्कम पुण्यातल्या एखाद्या मोठ्या गृहप्रकल्पात मावेल. 'अल्पविकसित देशांत वाढ' असा मथळा येतो तेव्हा पुष्कळदा दोन-तीन देशांतले दोन-तीन करार पुढे सरकलेले असतात. एका कराराचं वजन केवढं असतं याचं मोठं उदाहरण इजिप्तचं आहे. तो या यादीत नाही, पण आफ्रिकेत आहे. २०२४ मध्ये आफ्रिकेतली गुंतवणूक ७५ टक्क्यांनी वाढली म्हणून टाळ्या वाजल्या. त्यातले ३५ अब्ज डॉलर इजिप्तच्या रास अल-हिक्मा या एका किनारी शहरप्रकल्पाचे होते, अबुधाबीच्या निधीतून आलेले. तो बाजूला काढला तर वाढ १२ टक्क्यांच्या आसपास उरते.

मोझांबिक : एक गॅससाठा आणि पंधरा वर्षं

आता गोष्टीकडे. एक जुनं नातं आधी सांगून टाकतो : १७५२ पर्यंत पोर्तुगिजांच्या मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालत असे. देश १९७५ मध्ये स्वतंत्र झाला, दोनच वर्षांत यादवीत सापडला आणि १९९२ मध्ये त्यातून बाहेर आला. २०१० मध्ये उत्तर टोकाच्या काबो देल्गादो प्रांताजवळ, समुद्राच्या तळाखाली, प्रचंड नैसर्गिक वायू सापडला. शोध अमेरिकेच्या अनाडार्को कंपनीचा. त्या क्षेत्रात १० टक्के वाटा एका मराठवाडी उद्योगसमूहाचा होता. आपण ज्यांचे टीव्ही आणि वॉशिंग मशिन घेत होतो, त्या व्हिडिओकॉनचा.

२०१३ मध्ये व्हिडिओकॉननं तो वाटा ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडिया या भारत सरकारच्या कंपन्यांना जवळपास अडीच अब्ज डॉलरना विकायचा करार केला. त्याच वर्षी ओएनजीसी विदेशनं अनाडार्कोकडूनही १० टक्के घेतले, २.६४ अब्ज डॉलरना. भारत पेट्रोलियमचे १० टक्के होतेच. असा तिघांचा मिळून ३० टक्के वाटा झाला.

आता विचार करा, या पाच अब्ज डॉलरपैकी मोझांबिकमध्ये काय गेलं? जुना फ्लॅट विकला जातो तेव्हा पैसे आधीच्या मालकाला मिळतात, इमारतीला नवी वीट लागत नाही. सोसायटीला हस्तांतर शुल्क मिळतं तेवढंच. मोझांबिकलाही विक्रीच्या नफ्यावरच्या कराचीच आशा होती. पैसे विकणाऱ्यांच्या खात्यात गेले. अशी खरेदी-विक्री आणि शून्यातून केलेली उभारणी या अर्थव्यवस्थेच्या दृष्टीनं अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, पण बातमीत दोन्हींना 'गुंतवणूक' असंच म्हणतात.

याच देशातला दुसरा व्यवहार तर ऐकण्यासारखा आहे. तेते प्रांतात दगडी कोळसा आहे म्हणून रिओ टिंटो या बलाढ्य खाण कंपनीनं २०११ मध्ये रिव्हर्सडेल ही कंपनी सुमारे ३.७ अब्ज डॉलरना घेतली. कोळसा झांबेझी नदीतून तराफ्यांवर समुद्रापर्यंत न्यायचा असा बेत होता. सरकारनं नदीतून वाहतुकीला परवानगी दिली नाही आणि रेल्वे पुरेशी नव्हती. तीन वर्षांनी, २०१४ मध्ये, त्या खाणी ५ कोटी डॉलरना विकल्या गेल्या. ज्या भावात घेतल्या त्याच्या शंभरातल्या दीड हिश्श्याहूनही कमी भावाला. विकत घेणारी कंपनी भारत सरकारच्या उपक्रमांनी मिळून काढलेली. खरेदीआधी नदीचा प्रश्न कुणी नीट विचारला होता की नाही, हे मला अजून कोडं वाटतं.

गॅसकडे परत येऊ. वायू जहाजातून न्यायचा तर तो उणे १६० अंशांच्या आसपास थंड करून द्रवरूप करावा लागतो. त्याचा कारखाना अफुंगी नावाच्या किनारपट्टीवर उभारायचा ठरला. खर्च २० अब्ज डॉलर, म्हणजे साधारण त्या देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नाइतका. २०१९ मध्ये अनाडार्कोचा वाटा फ्रान्सच्या टोटाल या तेल कंपनीनं घेतला. जागेसाठी मच्छीमारांची वस्ती हलवली आणि कितुंडा नावाचं नवं गाव वसवलं. पक्की घरं मिळाली, पण किनाऱ्यापासून आत. होडीवाल्याला किनाऱ्यापासून दूर घर म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

त्याआधीच, ऑक्टोबर २०१७ पासून, या प्रांतात सशस्त्र बंडखोरांचे हल्ले सुरू झाले होते. हा देशातला अतिशय मागास भाग. राजधानी मापुतो दक्षिणेच्या दुसऱ्या टोकाला. गॅसची बातमी आली, परदेशी लोक आले, आणि आपल्या हाती काही येत नाही, ही तरुणांची चीड बंडखोरांच्या पथ्यावर पडली. केवळ गॅसमुळे बंड झालं म्हणणं खोटं ठरेल, पण गॅसचा त्याच्याशी संबंधच नाही म्हणणंही तितकंच खोटं. मार्च २०२१ मध्ये प्रकल्पाशेजारच्या पाल्मा गावावर मोठा हल्ला झाला. महिन्याभरात टोटालनं 'आवाक्याबाहेरची आपत्ती' हे कराराचं कलम लावून काम थांबवलं. पुढे रवांडाचं सैन्य बोलावून परिस्थिती काहीशी आटोक्यात आणली.

दरम्यान गॅसच्या भरवशावर दुसरंच एक प्रकरण घडलं होतं. ऊस तोडणीआधीच बिलावर उचल घेणारे असतात ना, तसं. २०१३-१४ मध्ये तीन सरकारी कंपन्यांच्या नावे, संसदेला न विचारता, सुमारे दोन अब्ज डॉलरची कर्जं काढली गेली. निमित्त मासेमारीच्या बोटी आणि किनाऱ्याच्या संरक्षणाचं. २०१६ मध्ये हे उघड झालं, नाणेनिधीनं हात आखडता घेतला, चलन घसरलं. तेव्हाचे अर्थमंत्री मॅन्युएल चँग यांना न्यूयॉर्कच्या न्यायालयानं २०२४ मध्ये दोषी ठरवलं. गॅसचा पैसा यायच्या आधीच त्याचं कर्ज फेडायची वेळ आली.

जहाज कोरियात, गुंतवणूक आफ्रिकेत

पण मोझांबिकमधून गॅस जातोय, असं तुम्ही वाचलं असेल. खरं आहे. शेजारच्या क्षेत्रात इटलीच्या एनीनं वेगळी युक्ती केली. कारखाना जमिनीवर बांधायचाच नाही, जहाजावर बांधायचा. कोरल सूल हे तरंगतं संयंत्र दक्षिण कोरियाच्या गोदीत तयार झालं, नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथून निघालं, जानेवारीत मोझांबिकजवळ पोचलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये गॅसची पहिली खेप रवाना झाली. समुद्रात उभं असल्यामुळे बंडखोरांची भीती नाही.

हिशेबात ही अब्जावधी डॉलरची गुंतवणूक मोझांबिकमध्ये 'आली'. प्रत्यक्षात पोलाद, वेल्डिंग आणि इंजिनिअरांचे पगार यांचा पैसा कोरियात आणि इतरत्र गेला. देशाला मिळतं ते गॅसवरचं स्वामित्वशुल्क, कर आणि सरकारी कंपनीचा वाटा. ते थोडं नाही. पण 'गुंतवणूक आली' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं, म्हणजे फाटकापाशी कामगारांची रांग, चहाची टपरी, खोल्या भाड्यानं देणारी गावातली माणसं, त्यातलं इथे काहीच नाही.

उणे गुंतवणूक हा काय प्रकार?

अंगोला हा तेलावर चालणारा देश. त्याच्या नावापुढे २०१७ पासून बरीच वर्षं उणे आकडा दिसतो. २०२२ मध्ये तो उणे सहा अब्ज डॉलरच्या आसपास होता. गुंतवणूक शून्य होऊ शकते हे कळतं, पण शून्याच्या खाली?

इथे ती तिसरी गोष्ट कामाला येते. मुंबईतल्या बापानं गावातल्या मुलाला दुकानासाठी कर्ज दिलं तर ती गावात 'आलेली' गुंतवणूक. दुकान चालायला लागल्यावर मुलानं हप्ते फेडले तर ते 'गेलेले' पैसे. ज्या वर्षी नवं काही येत नाही आणि फेड मात्र चालू असते, त्या वर्षी आकडा उणे. अंगोलात तेल कंपन्यांनी खोल समुद्रातल्या विहिरींसाठी आधी भरपूर पैसा घातला, मग उपकंपन्यांनी तो मूळ कंपन्यांना परत करायला सुरुवात केली. तेल तेव्हाही निघतच होतं. आणि हा मोठा उणे आकडा ४४ देशांच्या बेरजेत मिसळतो, त्यामुळे अंगोलाची फेड कमी-जास्त झाली तरी 'गरीब देशांतली गुंतवणूक' वर-खाली होते.

हे वाचून हसू नका, आपल्याकडेही असंच घडलं. २०२४-२५ मध्ये भारतात एकूण ८१ अब्ज डॉलरची एफडीआय आली, पण निव्वळ आकडा पहिल्या अंदाजात अवघा ३५ कोटी डॉलर निघाला. जुन्या परकी गुंतवणूकदारांनी शेअर विकून पैसे नेले आणि भारतीय कंपन्यांनी बाहेर गुंतवले. एकूण की निव्वळ, हे विचारल्याशिवाय एफडीआयच्या कुठल्याच आकड्यावर खूश किंवा नाराज होऊ नये.

हायवेवरचं हॉटेल आणि दूध संकलन केंद्र

गावाशेजारून महामार्ग जातो. एक जण तिथे झकपक हॉटेल काढतो. भाजी वाशी मार्केटची, आचारी बाहेरचे, पाणी टँकरचं, गल्ला रोज शहरात. गावाला मिळतात वॉचमनच्या चार नोकऱ्या. दुसरा एक जण त्याच्या दशांश पैशात दूध संकलन केंद्र काढतो. मग घरोघरी एक म्हैस वाढते, चारा विकणारा उभा राहतो, डॉक्टर आठवड्याला येऊ लागतो, आणि पाच वर्षांनी गावातलाच एखादा पोरगा स्वतःचं पनीर करायला लागतो.

मापुतोजवळचा मोझाल हा ॲल्युमिनियमचा कारखाना पहिल्या जातीचा. २००० मध्ये सुरू झाला तेव्हा यादवीनंतर देश सावरल्याची खूण म्हणून त्याचं फार कौतुक झालं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण कच्चा माल ऑस्ट्रेलियातून येणार, प्रचंड वीज खाणार, धातूच्या विटा परदेशी जाणार, आणि करांत भरघोस सूट. विजेच्या दराचा करार जुळला नाही म्हणून मार्च २०२६ पासून तो बंद ठेवायचं कंपनीनं जाहीर केलं.

दुसऱ्या जातीचं उदाहरण बांगलादेशचं. १९७८-७९ मध्ये तिथल्या देश गारमेंट्स या नव्या कंपनीनं दक्षिण कोरियाच्या देवूशी करार केला. १३० बांगलादेशी माणसं सहा महिने कोरियात जाऊन शिलाई, कटिंग, दर्जा तपासणी आणि निर्यातीची कागदपत्रं शिकून आली. देवूला यात रस होता कारण अमेरिका-युरोपनं कोरियाच्या कपड्यांवर मर्यादा घातली होती, बांगलादेशवर ती नव्हती. पुढच्या काही वर्षांत त्या १३० पैकी ११५ जण देश गारमेंट्स सोडून गेले. मालकाच्या दृष्टीनं ही आपत्तीच. पण त्यांनी स्वतःचे कारखाने काढले किंवा दुसऱ्यांचे उभे करून दिले. आज बांगलादेशच्या निर्यातीत ८० टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे.

यात देवूनं भांडवल जवळजवळ घातलंच नव्हतं. एफडीआयच्या वहीत याची नोंद नगण्य. आणि बांगलादेशात आजही परकी गुंतवणूक देशाच्या उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आतच असते. जे आलं ते डोक्यात आणि बोटांत आलं.

'मजूर इतके स्वस्त, मग कारखाने रांग का लावत नाहीत?'

इथिओपियानं नेमका हाच विचार केला होता. अदिस अबाबाच्या दक्षिणेला हवासा इथे २०१६ मध्ये मोठी वस्त्रोद्योग वसाहत उघडली. चिनी ठेकेदारानं ती नऊ महिन्यांत बांधली. अमेरिकेतले बडे ब्रँड आले, आपल्या रेमंडच्या समूहातल्या कंपनीनंही तिथे सूट शिवायचा कारखाना काढला. आफ्रिकी देशांच्या मालाला जकातमाफी देणारा अमेरिकी कायदा २००० पासून होता, हे मोठं आकर्षण.

पगार महिन्याला २६ डॉलरपासून, तेव्हाचे आपले अठराशे रुपये. जगातल्या सगळ्या कपडे-कारखान्यांत तळाचा. पण आसपासच्या खेड्यांतून आलेल्या मुलींचं खोलीभाडं आणि जेवण त्यात भागेना. त्या शिकायच्या आणि सोडून जायच्या. पहिल्या वर्षातच जवळपास सगळे कामगार बदलत, असं २०१९ च्या एका पाहणीत दिसलं. वर देशाला समुद्रकिनारा नाही, माल जिबूतीच्या बंदरातून जाणार. मालकाच्या हिशेबात मजुरी हा एकच रकाना नसतो. ट्रक किती दिवसांत बंदरावर पोचतो, वीज किती वेळा जाते, आणि नव्या कामगाराच्या हाताला वेग यायला किती महिने लागतात, हेही मांडावं लागतं.

नोव्हेंबर २०२० मध्ये देशाच्या उत्तरेतल्या तिग्राई प्रांतात युद्ध पेटलं. अमेरिकेनं १ जानेवारी २०२२ पासून जकातमाफी काढली. त्याच्या आधीच, नोव्हेंबर २०२१ मध्ये, हवासाची मोठी आधार असलेली अमेरिकी कंपनी पीव्हीएच निघून गेली. सगळी वसाहत काही ओस पडली नाही. पण युद्ध उत्तरेत आणि नोकरी गेली शेकडो किलोमीटर दक्षिणेतल्या शिलाईवालीची.

'करसवलत द्या, जमीन द्या, येतील की!'

येतात. पण सवलतीसाठी आलेला सवलत संपताच शेजारच्या देशात जातो, आणि शेजारी त्याहून मोठी सवलत घेऊन उभाच असतो. रिकाम्या गाळ्याला भाडेकरू मिळेना म्हणून तीन वर्षं भाडं माफ करायचं आणि चौथ्या वर्षी त्यानं समोरचा गाळा घ्यायचा, असा प्रकार. त्या तीन वर्षांत रस्ता, पाणी, शाळा यांचा खर्च सरकारच्याच अंगावर.

करार करणाऱ्या दोन बाजू सारख्या नसतात, हा त्यातला खरा पेच. एकीकडे जगभरचे वकील आणि भूगर्भतज्ज्ञ पदरी असलेली कंपनी, दुसरीकडे मंत्रालयातले चार अधिकारी. आपल्याला याची चव दाभोळनं दिली आहे. एन्रॉनशी १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला, १९९५ मध्ये तो रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. वीज परवडत नव्हती आणि सरकारी हमी गळ्यात होती. इतकं मोठं राज्य, इतके अनुभवी सनदी अधिकारी, तरी ही गत. मग नव्यानं यादवीतून उठलेल्या देशाचं काय होत असेल?

'चीन तर सगळीकडे पैसा ओततोय'

ओततोय, पण त्यातला बराच पैसा एफडीआय नसून कर्ज आहे. रस्ता चिनी कंपनीनं बांधला म्हणजे तो चीनच्या मालकीचा नव्हे. बिल यजमान देशाच्या नावावर असतं. खाणींत मात्र खरी मालकी दिसते. जगातल्या कोबाल्टपैकी साधारण ७० टक्के कांगोच्या लोकशाही प्रजासत्ताकातून निघतं आणि तिथल्या बऱ्याच मोठ्या खाणी चिनी कंपन्यांकडे आहेत. गिनीतल्या सिमांदूच्या लोहखनिजात चिनी कंपन्या आणि रिओ टिंटो दोघेही आहेत. रिओला तिथे शोधाचा परवाना १९९७ मध्ये मिळाला होता. डोंगरापासून समुद्रापर्यंत सहाशेहून जास्त किलोमीटरची नवी रेल्वे बांधून खनिज निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं. ज्या पोरानं परवान्याच्या वर्षी जन्म घेतला, तो अठ्ठावीस वर्षांचा झाला.

'मग परकी पैसा नकोच म्हणायचं का?'

नाही. नेपाळकडे बघा. तिथे परकी गुंतवणूक देशाच्या उत्पन्नाच्या एक टक्काही नाही, आणि आखातात, मलेशियात, आपल्याकडे राबणाऱ्या नेपाळ्यांनी घरी पाठवलेला पैसा साधारण पाव हिस्सा. त्यावर घरं उभी राहतात, मुलं शाळेत जातात, पण जलविद्युत प्रकल्प उभा राहत नाही. तरीही नेपाळनं २०१९ मध्ये परकी गुंतवणुकीची किमान मर्यादा ५० लाखांवरून थेट ५ कोटी नेपाळी रुपयांवर नेली होती. छोटा उद्योजक दारातूनच परत. २०२२ मध्ये ती २ कोटींवर आणली. वर म्हटलेलं दूध केंद्र काढणारा माणूस नेमका याच छोट्या रकमेचा असतो.

अल्पविकसित देशांना सगळा मिळून बाहेरून जो पैसा येतो, त्यात एफडीआय परदेशी मदतीपेक्षाही लहान आहे आणि कामगारांनी पाठवलेल्या पैशापेक्षाही. आता मदत आटते आहे. अमेरिकेची यूएसएड ही संस्था जुलै २०२५ पासून बंद झाली. त्यामुळे 'खासगी गुंतवणूक ती जागा भरेल' असं परिषदांमधून वारंवार ऐकू येतं. गावातल्या दवाखान्यात लस पोचवण्यात नफा कुठून काढायचा, हे मात्र कुणी सांगत नाही. कंपनी गॅससाठी येईल, लशीसाठी नाही, आणि त्यात कंपनीचा काही दोष नाही.

बांगलादेश, नेपाळ आणि लाओस यांनी अल्पविकसित यादीतून बाहेर पडायची तारीख संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये ठरवली, २४ नोव्हेंबर २०२६. रेशनकार्डाचा रंग बदलला की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. ढाक्याच्या कारखानदारांना धास्ती आहे ती जकातमाफी जाण्याची. तिच्याच आशेनं आलेले परकी गुंतवणूकदार तेव्हा राहतात की जातात, ते जूनमधल्या त्या छोट्या बातमीत काही वर्षांनी उमटेल.

आणि मोझांबिक? काम थांबल्यामुळे खर्च साडेचार अब्ज डॉलरनं वाढला, असं टोटालनं सरकारला कळवलं आणि कराराची मुदत दहा वर्षं वाढवून मागितली. गॅस २०२९ मध्ये निघेल असा अंदाज आहे. अफुंगीत पुन्हा यंत्रं हलू लागली आहेत. सुरक्षेसाठी सगळी ये-जा विमानानं किंवा समुद्रातून ठेवायची असं ठरलं. देशातल्या सर्वांत मोठ्या गुंतवणुकीकडे पाल्माहून जाणारा रस्ता आहे, पण त्यावरून आत जाता येत नाही.